पापलेटच्या जवळचं कोण: बोंबील की जाळं?

माझा भाचा चिंचणीचा. घरात दोन पिढ्यांपासून डायचं काम. आमच्या पट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, डाय म्हणजे पोलादाच्या ठोकळ्यावर कोरलेला दागिन्याचा उलटा ठसा. त्यावर सोन्याचा किंवा चांदीचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की पान, फूल, मोर उठून येतो. चिंचणी, तारापूर, वाणगाव या भागात अनेक घरांच्या पडवीत एक टेबल, एक दिवा आणि बारीक छिन्न्यांचा डबा दिसतो, तो यासाठीच.

भाच्याने मध्यंतरी नोकरी शोधून देणाऱ्या एका ॲपवर नोंद केली, ‘डाय मेकिंग, सात वर्षं अनुभव’. आठवड्याभरात तीन बोलावणी आली आणि तिन्ही रंग बनवणाऱ्या कारखान्यांची. बोईसरच्या एमआयडीसीत ‘डाय’ म्हणजे कापड रंगवायचं रसायन. एका ठिकाणी तो गेलाही. समोरच्या साहेबांनी विचारलं, “शेड मॅचिंग केलंय का?” हा म्हणाला, “शेड नाही साहेब, पण मोराचा पिसारा बारीक काढतो.” दोघेही काही क्षण एकमेकांकडे बघत राहिले. मग साहेबांनी चहा मागवला.

ॲपने गाढवपणा केला असं म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण आपण स्वतः तरी ‘डाय’ला जवळचा शब्द कोणता ते पटकन सांगू शकतो का? ‘ठसा’ म्हणायचं की ‘रंग’? आपल्याकडे असे शब्द पावलोपावली आहेत. ‘रिॲक्टर साफ करायला माणूस हवा’ असं एमआयडीसीत कुणी म्हटलं तर कोणी मान वर करून बघत नाही, कारण तिथे रिॲक्टर म्हणजे रसायनं ढवळायची मोठी टाकी. तेच वाक्य काही किलोमीटरवर, 1969 पासून वीज देणाऱ्या तारापूरच्या अणुशक्ती केंद्राच्या वसाहतीत म्हणून पाहा.

शब्दांची जवळीक आकड्यात मोजण्याचं एक शास्त्र आहे, आणि ते वापरायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. आश्रमशाळेत वारली-मराठी शब्दयादी करणारे शिक्षक, वाचनालयाची विषयसूची लावणारे ग्रंथपाल, दुकानाच्या मालाची यादी मोबाइलवर चढवणारे व्यापारी, बोलीचा प्रकल्प हाती घेतलेली कॉलेजची मुलं यांच्या कामाची ही गोष्ट आहे. ही मोजणी घरच्या घरी कशी करायची, ते सांगतो.

कुठली जवळीक मोजायची, हा पहिला प्रश्न सोडवल्याशिवाय शब्दजोड्यांच्या चिठ्ठ्या कापायला बसू नका. जवळीक दोन प्रकारची असते. पापलेट आणि बोंबील हे एका जातीचे, दोन्ही मासे. एक नसला तर ताटात दुसरा चालतो (पापलेटवाला कुरकुरेल, पण जेवेल). पापलेट आणि जाळं यांच्यात जातीचं काही नाही, पण एकाचं नाव काढलं की दुसरं आठवतं. पहिल्या नात्याला मी सख्खेपण म्हणतो, दुसऱ्याला शेजार. अभ्यासक पहिल्याला अर्थसाम्य आणि दुसऱ्याला अर्थसंबंध म्हणतील. नाव काहीही द्या, पण एका मोजणीत दोन्ही कालवू नका.

ही सरमिसळ भल्याभल्यांकडून झाली आहे. इंग्रजीत 353 शब्दजोड्यांचा एक प्रसिद्ध संच 2002 साली आला, वर्डसिम नावाचा. त्यात लोकांना शून्य ते दहा गुण द्यायला सांगितले, पण कुठली जवळीक मोजायची हे धड वेगळं केलं नाही. परिणाम असा की ‘कपडे–कपाट’ या जोडीला 8.00 गुण मिळाले. कपाट अंगात घालता येत नाही, हे गुण देणाऱ्यांना माहीत होतंच. पण त्यांनी शेजार मोजला. पुढे 2015 मध्ये फेलिक्स हिल, रोई राइकार्ट आणि ॲना कोर्होनेन यांनी सिमलेक्स नावाचा 999 जोड्यांचा संच केला आणि सूचनेतच स्पष्ट सांगितलं की फक्त सख्खेपण मोजा. तीच जोडी 1.96 वर आली. शब्द तेच होते. बदलला तो फक्त प्रश्न.

म्हणून गुण देणाऱ्याला ‘हे शब्द किती जवळचे?’ असं कधीही विचारू नका. सख्खेपण हवं असेल तर विचारा, ‘एकाच्या जागी दुसरा शब्द ठेवला तर कितपत चालेल?’ शेजार हवा असेल तर, ‘एकाचं नाव काढलं तर दुसरं कितपत आठवतं?’ दोन्ही हवं असेल तर दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या कागदांवर विचारा. एकाच कागदावर दोन रकाने दिले की माणूस दुसऱ्या रकान्यात पहिल्याचेच आकडे उतरवतो. मी स्वतः उतरवले आहेत.

आता जोड्या. इंग्रजी संच उचलून मराठी करायचा मोह होतो. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या अभ्यासकांनी 2017 मध्ये मराठीसह सहा भारतीय भाषांसाठी असे संच केले, इंग्रजी जोड्यांची भाषांतरं करून. सुरुवात म्हणून ते काम मोलाचं आहे, पण भाषांतराला मर्यादा असतेच. इंग्रजीत समुद्रकिनाऱ्याला ‘कोस्ट’ आणि ‘शोअर’ असे शब्द आहेत, आणि त्यांची जोडी वर्डसिममध्ये 9.10 आणि सिमलेक्समध्ये 9.00 गुणांची. मराठीत ती आणायची तर ‘किनारा–किनारा’ लिहायचं का? उलट आपल्याकडच्या किनाऱ्यावर जवळा, करंदी, कोळंबी, सोडे अशी उतरंड आहे. तिला इंग्रजी यादीत जागाच नाही. तेव्हा जोड्या आपल्या आपणच काढाव्यात.

तीस जोड्या पुरेत. जॉर्ज मिलर आणि वॉल्टर चार्ल्स यांनी 1991 मध्ये तीसच घेतल्या आणि त्यांच्यावर पुढे कित्येक वर्षं लोकांनी आपापली यंत्रं तपासली. दहा जोड्या उघड जवळच्या, दहा उघड लांबच्या आणि दहा अशा की ज्यावर घरात वाद होईल. खरी कमाई या शेवटच्या दहांतच असते. ‘आई–माय’ला सगळे पैकीच्या पैकी देतात आणि ‘चिकू–रेल्वे’ला शून्य. त्यातून कळत काही नाही. नामासमोर नामच ठेवा आणि क्रियापदासमोर क्रियापद. ‘मासा–पोहणे’ अशी जोडी कागदावर आली की लोक शेजाराकडे घसरतात.

पालघर जिल्ह्यात बसून वादाच्या जोड्या शोधायला लांब जावं लागत नाही. ‘वाडी’ घ्या. रत्नागिरीकडच्या माणसाला वाडी म्हणजे गावातली वस्ती, तो ‘वाडी–पाडा’ला भरभरून गुण देईल. घोलवड-बोर्डीच्या माणसाला वाडी म्हणजे चिकूची बाग. त्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तो ‘वाडी–बाग’ला दहापैकी नऊ देईल आणि ‘वाडी–पाडा’ला दोन. ‘हलवा’ तर तिहेरी आहे. किनाऱ्यावर तो मासा, हॉटेलात गाजराचा, आणि संक्रांतीला नव्या सुनेच्या अंगावर दागिना होऊन बसणारा. अशी जोडी यादीत घ्यायची असेल तर शब्दाच्या शेपटाला अर्थ बांधा, ‘हलवा (मासा)–पापलेट’. नाहीतर ज्याच्या डोक्यात जो हलवा, त्याचे गुण. कधीकधी नेमकं तेच बघायचं असतं, तेव्हा शेपूट काढून टाका. पण असं केल्याचं लिहून ठेवा.

गुण कसे घ्यायचे? या विषयातला एक जुना प्रयोग 1965 चा, हर्बर्ट रुबेनस्टाइन आणि जॉन गुडइनफ यांचा. त्यांनी 65 जोड्या चिठ्ठ्यांवर लिहिल्या, पिसल्या, आणि लोकांना आधी त्या क्रमाने लावायला सांगितल्या. सगळ्यात जवळची वर, सगळ्यात लांबची खाली. मग शून्य ते चार गुण द्यायचे. मला ही पद्धत मोबाइलवरच्या फॉर्मपेक्षा चांगली वाटते. फॉर्मवर माणूस एकेक जोडी सुटी बघतो आणि दहाव्या जोडीपर्यंत पहिलीला काय दिलं ते विसरतो. चिठ्ठ्या समोर पसरल्या की हात आपोआप तुलना करतो.

सातपाटीला एका ओट्यावर मी अशा चिठ्ठ्या मांडल्या होत्या. समोर मासळी विकणाऱ्या मावशी. दुपारची वेळ, टोपली धुऊन उपडी घातलेली. वाचायला त्रास होतो म्हणाल्या, म्हणून मी वाचत गेलो आणि त्या बोट दाखवून ‘वर ठेव’, ‘खाली ठेव’ सांगत गेल्या. ‘सोडे–कोळंबी’ची चिठ्ठी निघाली तेव्हा त्यांनी ती सगळ्यांच्या वर ठेवायला लावली, ‘आई–माय’च्याही वर. ‘पापलेट–सरंगा’वर मात्र थांबल्या. “कुठला सरंगा?” म्हणाल्या. प्रश्न रास्तच होता, कारण सरंगा कशाला म्हणायचं हे किनाऱ्यागणिक बदलतं, कुठे पापलेटला, कुठे हलव्याला. ती चिठ्ठी मी बाजूला काढली.

त्याच संध्याकाळी बोईसर स्टेशनजवळ एका ओळखीच्या गृहस्थांसमोर तीच गड्डी ठेवली. ते चंद्रपूरचे, औषधाच्या कारखान्यात हिशेब बघतात, मराठी उत्तम. ‘सोडे’ म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. “सोड्याचं अनेकवचन का?” त्यांनी चिठ्ठी तळाशी सारली, शून्य गुण. इथे मी चुकलो होतो. माझ्या कागदावर ‘माहीत नाही’ला जागाच नव्हती, त्यामुळे अज्ञानाचा शून्य आणि लांबचेपणाचा शून्य एकाच रकान्यात पडले. हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.

आणि या दोघांची सरासरी काढू नका. चार आणि शून्य मिळून दोन होतात, पण सोडे आणि कोळंबी ‘मध्यम जवळचे’ आहेत असं मानणारा माणूस ना सातपाटीत आहे ना चंद्रपुरात. आपल्या भागात हा धोका मोठा. बोईसरच्या एका चाळीत खानदेश, विदर्भ, उत्तर प्रदेश आणि ओडिशा शेजारी शेजारी राहतात; तलासरी-जव्हारकडे वारली घरात वेगळा शब्द आणि शाळेत वेगळा; वसईला सामवेदी आणि वाडवळीची आपली ऐट. एका गटाचे दहा-पंधरा जण घ्या (वर्डसिमवाल्यांनीही दोन गटांत तेरा आणि सोळाच घेतले होते), दुसऱ्या गटाचे तितकेच वेगळे, आणि दोन्ही गटांचे आकडे शेजारी ठेवा. फरक दिसला तर तुमचा प्रयोग फसला असं समजू नका. बोलीच्या अभ्यासकाला तोच फरक हवा असतो.

एक बारीक गोष्ट. ‘मुरबे सातपाटीसारखं आहे’ असं लोक म्हणतात, ‘सातपाटी मुरब्यासारखी’ असं कुणी म्हणत नाही. मोठ्या नावाची उपमा लहानाला देतात, उलट देत नाहीत. एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये हे नीट मांडलं, पण आपल्या आजीलाही ते माहीत होतं. म्हणून निम्म्या लोकांना जोडी उलटी करून द्या.

माणसांचे आकडे झाले. आता यंत्राकडे वळू. तिथे दोन जुने रस्ते आहेत.

पहिला रस्ता वंशावळीचा. प्रिन्स्टन विद्यापीठात, वर आले त्याच मिलर यांनी, 1985 मध्ये वर्डनेट नावाचा शब्दकोश सुरू केला. त्यात शब्द अकारविल्हे नसून कुळांप्रमाणे लावलेले आहेत. मुंबईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली आधी असाच हिंदी कोश आणि मग त्याच्या आधाराने मराठी शब्दबंध तयार झाला. तो खुला आहे. अशा झाडावर मोजायची एक सोपी रीत झिबियाओ वू आणि मार्था पामर यांनी 1994 मध्ये दिली. दोन शब्दांचा सर्वांत जवळचा सामाईक पूर्वज कितव्या पायरीवर आहे ते बघा, त्याची दुप्पट करा आणि दोन्ही शब्दांच्या पायऱ्यांच्या बेरजेने भागा. कागदावर करून बघू. वस्तू पहिली पायरी, सजीव दुसरी, प्राणी तिसरी, मासा चौथी, पापलेट आणि बोंबील पाचवी. सामाईक पूर्वज मासा, म्हणून दोन गुणिले चार भागिले दहा, 0.8. चिकूकडे जायचं तर सजीव, वनस्पती, फळ, चिकू. सामाईक पूर्वज सजीव, दुसरी पायरी. चार भागिले दहा, 0.4. जाळ्यासाठी निर्जीव, साधन, जाळं, म्हणजे चौथी पायरी. सामाईक पूर्वज थेट ‘वस्तू’. दोन भागिले नऊ, 0.22.

म्हणजे झाडाच्या मते पापलेट जाळ्यापेक्षा चिकूच्या जवळचं! सातपाटीत हे सांगितलं तर हसतील. पण झाड खोटं बोलत नाही, ते फक्त सख्खेपण ओळखतं. शेजाराचा प्रश्न त्याला विचारण्यात आपलीच चूक. आणि हे झाड मी आत्ता माझ्या सोयीने रचलं. खऱ्या शब्दबंधातल्या पायऱ्या वेगळ्या असतील, आकडेही बदलतील. आपले स्थानिक शब्द त्यात आहेत का, ते आधी शोधून बघा. जो सापडला नाही त्याची वेगळी यादी ठेवा. कोशकारांना ती लागते.

दुसरा रस्ता संगतीचा. शब्द कुणाबरोबर उठतो-बसतो त्यावरून त्याचा अर्थ कळतो, ही कल्पना इंग्लंडचे भाषातज्ज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1957 मध्ये गाजवली. समजा, पुष्कळ मजकूर घेऊन मोजलं की ‘पापलेट’च्या आसपास ‘भाव’ 4 वेळा आला, ‘होडी’ 3 वेळा आणि ‘फांदी’ एकदाही नाही. ‘बोंबील’जवळ भाव 3, होडी 4, फांदी 0. ‘चिकू’जवळ भाव 4, होडी 0, फांदी 3. आता दोन शब्दांचे आकडे एकास एक गुणून बेरीज करा. पापलेट-बोंबील 12 अधिक 12, म्हणजे 24. मग प्रत्येक शब्दाच्या आकड्यांचे वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ काढा. तिघांचंही 5 येतं. पाच गुणिले पाच 25, म्हणून 24 भागिले 25, म्हणजे 0.96. पापलेट-चिकू 16 भागिले 25, 0.64. याला कोसाइन म्हणतात. आठवीचं गणित आहे.

पण 0.64 जरा जास्तच नाही वाटत? दोष ‘भाव’चा. बाजारात येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला भाव असतो, त्यामुळे तो सगळ्यांचा मित्र. तो रकाना खोडला तर पापलेट आणि चिकू थेट शून्यावर येतात. म्हणून अशा सार्वत्रिक शब्दांचं वजन कमी करायचं असतं. त्याला सूत्रं आहेत, पण आधी हाताने खोडून बघा, म्हणजे सूत्र काय करतं ते कळेल. दुसरी किल्ली, ‘आसपास’ म्हणजे किती? दोन शब्द इकडेतिकडे बघितलेत तर सख्खे वर येतात, पूर्ण परिच्छेद धरलात तर शेजारी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे पुन्हा कामी येतं.

आज ही मोजणी हाताने कुणी करत नाही. टोमास मिकोलोव्ह आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये वर्डटूवेक आणलं, नंतर फास्टटेक्स्ट आलं, आणि 2018 मध्ये मराठीसह 157 भाषांसाठी तयार आकडे मोफत मिळू लागले, प्रत्येक शब्दाला तीनशे आकड्यांची रांग. पुण्याच्या एल थ्री क्यूब या गटाने 2022 मध्ये खास मराठीसाठी असेच संच आणि महाबर्टसारखी प्रारूपं खुली केली. कॉलेजातल्या पायथन येणाऱ्या मुलाला सांगितलंत तर एका दुपारी तुमच्या तीस जोड्यांचे आकडे काढून देईल.

ते आकडे हातात आले की तीन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बघा.

पहिलं, भरती–ओहोटी. विरुद्धार्थी शब्दांची संगत एकच असते, दोन्हींबरोबर समुद्र, वेळ, पाणी, होडी. म्हणून संगतीचं यंत्र त्यांना फार जवळचे ठरवतं. जोडी ‘बदली चालेल का’ या प्रश्नाखाली असेल तर हे साफ चूक. ओहोटीच्या वेळी होडी बाहेर काढून बघा. पण त्यातही गंमत अशी की ‘भरती’ला दुसरा अर्थ आहे, नोकरभरती. यंत्राला शिकवलेल्या मजकुरात वर्तमानपत्रं भरपूर, आणि वर्तमानपत्रांत पोलीस भरतीच्या बातम्यांना तोटा नाही. तेव्हा यंत्राची भरती समुद्राकडे कमी आणि अर्ज-परीक्षेकडे जास्त झुकेल असं धरून चाला. ‘डाय’चं दुखणंही तेच, एका शब्दाला एकच रांग दिली की दोन अर्थ तिच्यात कोंबले जातात. महाबर्टसारखी प्रारूपं वाक्यागणिक वेगळी रांग देतात. अशा शब्दांसाठी सुटा शब्द न देता पूर्ण वाक्य द्या.

दुसरं, तारपा आणि तारापूर. फास्टटेक्स्ट शब्दाचे तीन ते सहा चिन्हांचे तुकडे करून त्यांवरूनही अर्थ बांधतं. मराठीला याचा मोठा फायदा, कारण ‘माशाला, माशांना, माशांच्या’ ही सगळी एका घरची आहेत हे त्याला तुकड्यांवरून उमगतं. पण ‘तार’ने सुरू होतात म्हणून वारल्यांचं भोपळ्याचं वाद्य आणि अणुवीज केंद्राचं गाव यांनाही ते थोडं जवळ ओढतं. शब्द दुर्मीळ असेल तर ही ओढ वाढते, कारण संगतीचा पुरावा कमी पडतो. आपल्या बोलीतले शब्द दुर्मीळच असतात.

तिसरं, लेखन. हे कंटाळवाणं आहे पण सोडू नका. ‘रिॲक्टर’, ‘रिअॅक्टर’, ‘रिएक्टर’, तुम्हाला एक शब्द, यंत्राला तीन. त्यातला ‘ॲ’ तर आणखी फसवा. काही कळफलकांवर ते एकच अक्षर असतं, काहींवर ‘अ’ आणि वर चंद्र असे दोन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून चूक सापडत नाही. बोईसर आणि बोइसर तसंच. मोजणीआधी सगळ्या मजकुराचं लेखन एक करून घ्या. नाहीतर ‘शब्द सापडला नाही’ म्हणून यंत्राला दोष द्याल आणि दोष कळफलकाचा निघेल.

शेवटी माणूस आणि यंत्र यांची गाठ घालायची. थेट गुण जुळवू नका, कारण माणसाचा चारपैकी तीन आणि यंत्राचा 0.75 यांचा अर्थ एकच असेल याची खात्री नाही. क्रम जुळवा. चार्ल्स स्पीअरमन यांची 1904 ची रीत अजूनही सगळे वापरतात. समजा पाच जोड्या आहेत. सातपाटीच्या गटाने सख्खेपणाचा क्रम लावला: सोडे–कोळंबी, वाडी–बाग, पापलेट–बोंबील, पापलेट–चिकू, पापलेट–जाळं. यंत्राने लावला: पापलेट–बोंबील, सोडे–कोळंबी, वाडी–बाग, पापलेट–जाळं, पापलेट–चिकू. प्रत्येक जोडीच्या दोन क्रमांकांतला फरक घ्या: 1, 1, 2, 1, 1. वर्ग करून बेरीज करा, 8. तिला सहाने गुणा, 48. पाचाचा वर्ग वजा एक म्हणजे 24, त्याला पाचाने गुणलं की 120. 48 भागिले 120 म्हणजे 0.4, ते एकातून वजा केलं की 0.6. एक म्हणजे तंतोतंत, शून्य म्हणजे काही संबंध नाही, उणे एक म्हणजे बरोब्बर उलटं. पाच जोड्यांवरचा 0.6 योगायोगानेही येऊ शकतो, म्हणून तीस जोड्या.

यंत्राला नावं ठेवण्याआधी आणखी एक करा. तुमच्याच गटातल्या दोन माणसांचे क्रम याच रीतीने जुळवा. त्यांच्यातच 0.7 येत असेल तर यंत्राकडून 0.9 ची अपेक्षा कशाला?

वहीत काय लिहायचं ते सांगून थांबतो. तारीख, गाव, गुण देणाऱ्याचं वय, घरात कोणती बोली, धंदा कोणता, प्रश्न सख्खेपणाचा होता की शेजाराचा, जोडी सुलटी होती की उलटी, गुण, आणि ‘माहीत नाही’चा रकाना. माणसाचं नाव लिहू नका. शेवटी समासात थोडी जागा कोरी ठेवा, गुण देताना तो माणूस जे बोलला ते तसंच्या तसं उतरवायला. माझ्या वहीत सातपाटीच्या पानावर ‘सोडे–कोळंबी’समोर चार गुण आहेत, आणि समासात मावशींचं वाक्य: “सोडे म्हणजे कोळंबीच की, उन्हात गेलेली.”